आंधळा नमुना

तोंडात कापसाचे दोन बोळे, लाळ ओढणारी नळी आणि दंतवैद्याची तर्जनी असताना माणसाला जगातले कोणतेही विधान खोडून काढता येत नाही. आणि दंतवैद्य पुस्तकांवर बोलायचा तो नेमका अशाच वेळी. “ते तू सांगितलेलं दीपगृहाचं पुस्तक,” दाढेच्या तळाशी काहीतरी खरवडत तो म्हणाला, “काय लिहिलंय रे. शेवटी तो म्हातारा रखवालदार जातो ना, तिथे मला अगदी भरून आलं. आ कर. अजून मोठा.” खुर्चीतल्या पाऱ्याने आ मोठा केला. ‘तो जात नाही’ एवढे तीन शब्द बाहेर काढण्याचा त्याने प्रयत्न करून पाहिला. जे बाहेर आले त्यात एकही व्यंजन नव्हते. “दुखतंय? थांब, अजून थोडं औषध टोचतो.” म्हातारा रखवालदार शेवटी जात नाही. तो दिव्याची काच पुसतो, तपासणीला आलेल्या माणसाला किती वाजले ते विचारतो, आणि पुस्तक संपते. पाऱ्याने मित्रांना पाठवलेल्या पुस्तकांच्या यादीत तसे लिहिलेही होते: ‘शेवटी कोणीही मरत नाही, हे या लेखकाचे धाडस.’ म्हणजे दंतवैद्याने पुस्तक वाचले नसावे हे तर झालेच. पुस्तकाविषयीच्या चार ओळीही त्याने धड वाचल्या नसाव्यात. डोक्यावरचा दिवा डोळ्यांत जात होता. पाऱ्याने डोळे मिटले, आणि दंतवैद्याला वाटले की मित्राला औषध लागू पडले.

बाहेर पडला तेव्हा डावा गाल, डावा ओठ आणि हनुवटीचा अर्धा भाग त्याच्या मालकीचे राहिले नव्हते. दुपारचे चार वाजले होते. एका दुकानावर शिडी लावून एक माणूस पाटीवरची जुनी अक्षरे खरवडत होता. खाली उभा असलेला दुसरा माणूस शिडी धरायची सोडून फोनवर बोलत होता. पाऱ्याने चालता चालता ओठाला बोट लावून पाहिले. बोटाला ओठ कळत होता; ओठाला बोट कळत नव्हते. मऊ, किंचित ओलसर, दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा ओठ. स्पर्श दोन्हीकडून होतो असे आपण उगाच धरून चालतो, असे त्याच्या मनात आले. आणि असले सुभाषितवजा विचार त्याला सहसा सुचत नसल्यामुळे त्याने त्याचा दोष औषधाला दिला.

पारा हे त्याचे विद्यार्थिदशेतले नाव. प्रयोगशाळेत तापमापक फोडून फरशीवर धावणारे मणी कागदाच्या कपट्याने गोळा करत बसलेला तो सगळ्यांना दिसला, आणि नाव पडले. पुढे नोकरीही तापमापके तपासण्याचीच लागल्यामुळे नावाला सरकारी दुजोरा मिळाला. त्या दिवसांतली चौकडी अजून, निदान मोबाइलवरच्या एका ग्रुपपुरती, शाबूत होती: वकील, दंतवैद्य, पारा आणि गुण्या. गुण्या ही बाई. कंपासपेटीतला काटकोनी गुण्या ती सदा हातात धरून हिंडायची, म्हणून ते नाव. नंतर तिने तीस वर्षे शाळेत भूमिती शिकवली, आणि निवृत्त झाली तरी दोन गोष्टी चुकीच्या कोनात भेटलेल्या तिला खपत नसत. चौघे प्रत्यक्ष भेटायचे ते वर्षातून एकदा, तेही वकिलाला सवड असली तर. बाकी मग वाढदिवसाची फुले, कुणाच्या तरी नातवाचा फोटो, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता पाऱ्याची यादी: त्या महिन्यात वाचलेली पाच पुस्तके, प्रत्येकावर चार ओळी. पाचवी ओळ त्याने कधी लिहिली नाही. अकरा वर्षे, एकही महिना न चुकता. यादीखाली वकील अंगठा उमटवी, दंतवैद्य ‘मस्त रे’ म्हणे, आणि गुण्या ‘नोंद केली’ एवढेच लिही. सहाशे साठ पुस्तकांना मिळून त्याला जो प्रतिसाद मिळाला होता तो एका पोस्टकार्डावर मावला असता, पण हे त्याला आजवर जाणवले नव्हते. पाठवलेली वस्तू पोचते, यावर त्याचा एखाद्या भाविकाइतका विश्वास होता.

बायको होती तेव्हा यादी आधी तिला वाचून दाखवली जाई. ती पालेभाजी निवडत ऐकायची, मान न उचलता. “छान,” ती म्हणायची. आणि एकदा म्हणाली होती, “पण अहो, तुम्ही नुसतं सांगता. विचारत नाही कुणाला काही.” “काय विचारायचं?” “हेच. तुम्ही काय वाचताय म्हणून.” “वाचलं असेल तर सांगतीलच की ते.” तिने एक किडका देठ बाजूला टाकला आणि पुढची जुडी सोडली. आता, सुन्न गालाने कुलूप उघडताना, त्याला तो देठ आठवला. संभाषण नंतर आठवले. ती जाऊन चार वर्षे झाली होती. स्वयंपाकघरात तिची उंच पाठीची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून होती, आणि ती हलवण्यासारखे काही कारण घडले नव्हते.

घरात शिरल्यावर त्याने आधी दीपगृहाचे पुस्तक काढून शेवटचे प्रकरण पुन्हा वाचले. स्वतःची आठवण हेही एक उपकरणच, आणि उपकरण तपासल्याशिवाय दुसऱ्याला चूक ठरवायचे नाही, ही शिस्त. म्हातारा जिवंत होता. मग दोन शक्यता उरल्या: दंतवैद्याने दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याशी गल्लत केली असेल, किंवा त्याने पुस्तक हातातही धरले नसेल. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्याला पाऱ्याने उभ्या आयुष्यात दारात उभे केले नव्हते. पण शंका ही दाढेसारखीच असते. जीभ तिथेच जाते. दंतवैद्य वाचत नसेल तर वकील तरी वाचतो हे कशावरून? आणि कुणीच वाचत नसेल, तर अकरा वर्षे दर पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता आपण नेमके काय करत होतो? हा प्रश्न तपासायची पद्धत त्याच्याकडे होती.

ती पद्धत त्याच्या कामातली. त्याच्या प्रयोगशाळेत दवाखान्यांची, दुग्धालयांची, कारखान्यांची तापमापके तपासायला येत. बर्फाचा चुरा आणि शुद्ध पाणी यांच्या मिश्रणात तापमापक बुडवायचे, पारा स्थिरावेपर्यंत थांबायचे, शून्यापासून तो किती ढळला ते लिहायचे. मग पुढचे मिश्रण, पुढचा आकडा. कंटाळवाणे काम. आणि कंटाळवाण्या कामात माणूस एक दिवस न बुडवताच मागचे आकडे उतरवतो. म्हणून वर्षातून एकदोनदा मुख्य कार्यालय गुपचूप एक तापमापक पाठवी: कारखान्याचे खोटे नाव, साधे खोके, आणि आत मुद्दाम केलेली, फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असलेली चूक. त्याला आंधळा नमुना म्हणत. ज्याने खरोखर मोजले त्याला ती चूक सापडे. ज्याने उतरवले तो सापडे. सत्तावीस वर्षांत पाऱ्याकडे आलेला एकही नमुना त्याच्या हातून निसटला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र एकदा सापडला होता. “अहो, घरात आजारपण होतं,” तो म्हणाला, “दोन दिवस हात चालेना, मागचंच लिहिलं.” चौकशीचा अहवाल पाऱ्याने लिहिला. त्यात कारणाच्या रकान्यात त्याने दोन शब्द लिहिले होते: ‘कारण असंबद्ध’. सहकाऱ्याची बदली झाली. जाताना त्याने पाऱ्याला आपला चहाचा कप दिला होता. तो का दिला ते त्याला तेव्हाही कळले नव्हते आणि आताही कळले नव्हते.

पुढच्या यादीत त्याने चार पुस्तके खरी ठेवली आणि तिसऱ्या क्रमांकावर एक रचले. नाव दिले ‘शेजारच्या खोलीतले घड्याळ’. खाली चार ओळी: एका विधुर कारकुनाला भिंतीपलीकडून घड्याळाचे ठोके ऐकू येतात. पलीकडची जागा कित्येक वर्षे रिकामी आहे, हे त्याला माहीत आहे. तो ठोके मोजतो, त्यांची नोंद ठेवतो, ते रोज किती मागे पडते तेही काढतो, शेजारचे दार मात्र वाजवत नाही. अलीकडे वाचलेल्यांत सर्वोत्तम. एरवी चार ओळींना त्याला तासभर लागे; या वीस मिनिटांत उतरल्या, आणि एवढ्या सहजपणे उतरलेल्या गोष्टीकडे संशयाने पाहावे हे माहीत असूनही त्याने त्या पाठवून दिल्या.

वकिलाचा अंगठा दहा मिनिटांत आला. दंतवैद्याने ‘मागवतोच’ लिहिले. गुण्याचे ‘नोंद केली’ आले. पाऱ्याने आठ दिवस जाऊ दिले आणि मग, अकरा वर्षांत प्रथमच, ग्रुपवर एक प्रश्न टाकला: ‘घड्याळाचे कुणी वाचले का?’ ‘कालच संपवलं,’ दंतवैद्याने लिहिले. ‘जरा संथ आहे, पण शेवट अंगावर येतो.’ ‘संथ कुठे?’ वकिलाने लगेच हरकत घेतली. ‘आणि शेवट तर आशादायक आहे. दार उघडतं म्हटल्यावर काय राहिलं?’ ‘दार उघडत नाही. त्याला वाटतं की उघडलं.’ ‘पुन्हा वाच. तुझ्याकडे रोज माणसं बेशुद्ध असतात म्हणून सगळेच भ्रमात असतात असं नाही.’ ‘आणि तुझ्याकडे रोज खोटं बोलतात म्हणून तुला लेखकही साक्षीदार वाटतो.’ हे तीन दिवस चालले. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाच्या अस्तित्वात नसलेल्या शेवटावरून दोन प्रौढ, सुशिक्षित, आयकर भरणारी माणसे हिरिरीने भांडत होती. आणि चौथ्या दिवशी ती त्या वादापायी एका हॉटेलात चहाला भेटली, असे टेबलावरच्या दोन कपांच्या फोटोवरून कळले. पाऱ्याने फोटो मोठा करून पाहिला. कप रिकामे होते, बशीत कागदी रुमाल चुरगळलेला होता. दोघे बराच वेळ बसले असावेत. निष्कर्ष हाती आला होता आणि त्यात संदिग्ध काही नव्हते. प्रयोग यशस्वी झाल्यावर जे एक कोरडे समाधान वाटते त्याची तो वाट पाहत राहिला. त्याऐवजी त्याला त्या टेबलाशी तिसरी खुर्ची होती का, हे पाहावेसे वाटत होते. आणि फोटो तिथेच कापलेला होता.

गुण्या या वादात एका अक्षरानेही पडली नव्हती. तिचा फोन यादीनंतर तीन आठवड्यांनी आला. “पारा, ते घड्याळाचं कुणी छापलंय रे?” “का?” “का म्हणजे? मिळत नाहीये. तीन ग्रंथालयं पालथी घातली. शेवटच्या ठिकाणची ग्रंथपाल मला म्हणते, बाई, असं पुस्तकच नाही. मी म्हटलं, नाही कसं? माझा मित्र न वाचता पुस्तक सांगत नाही. तर ती हसली. मग मी तक्रारवही मागितली.” “तक्रार लिहिलीस?” “सही करून. तिच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, तेही लिहिलं. तुझी प्रत दे ना मला.” पाऱ्याच्या हातात त्या वेळी धुतलेला पेला होता, पाणी कोपरापर्यंत ओघळत गेले तरी त्याने तो खाली ठेवला नाही. “कुणाला तरी दिलीय,” तो म्हणाला. “मी रविवारी येतो.” “येतोस?” तिने विचारले, आणि त्या एका शब्दात इतके आश्चर्य होते की त्याला तारीख पुन्हा सांगावी लागली.

रविवारी दुपारी तिने दार उघडले ते “जिना मोजलास?” असे म्हणतच. “बावन्न पायऱ्या.” “चार वर्षांपूर्वीही बावन्नच होत्या,” ती म्हणाली आणि आत वळली. तिची खोली तशीच होती: भिंतीला काटकोनात लावलेले टेबल, टेबलाच्या कडेला समांतर लाकडी पट्टी, पट्टीजवळ भिंग. ओळीखाली पट्टी सरकवत वाचायची तिची सवय शाळेतली. आता डोळ्यांमुळे ती गरज झाली होती. पट्टीच्या पलीकडे चौकटीच्या कागदाची एक जाड वही होती. “बघ हवी तर,” चहा टाकायला जाताना ती म्हणाली, “तुझीच आहे.” त्याने वही उघडली. पहिल्या रकान्यात पुस्तकाचे नाव, दुसऱ्यात पाऱ्याने सांगितल्याची तारीख, तिसऱ्यात वाचून झाल्याची, चौथ्यात एक ओळ. अक्षर फळ्यावरचे, सुटे आणि सरळ. ‘पारा म्हणतो शेवट उत्तम. मला घाईचा वाटला.’ ‘पारा म्हणतो विनोदी. कुठे?’ ‘हे त्याने झोप न आलेल्या रात्री वाचले असावे.’ ‘आईचे प्रकरण दोनदा वाचले. त्याबद्दल त्याने काहीच लिहिले नाही.’ पाने उलटत गेली. त्याच्या चार ओळींवर कुणीतरी अकरा वर्षे पट्टी ठेवत आले होते. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण आधी जाणवली ती छातीत वरच्या बाजूला एक थंड जागा, बर्फातून काढलेल्या काचेसारखी. “चारशे बारा वाचली,” आतून आवाज आला. “एकशे नव्वद मिळाली नाहीत. अठ्ठावन्न सोडून दिली, कंटाळवाणी होती.” “मला सांगितलं का नाहीस हे?” ती दोन कप घेऊन आली, त्याचा त्याच्यापुढे ठेवला, कपाचा कान उजवीकडे वळवला. “तू विचारलंस कधी?”

सांगायचे ते त्याने चहा पिण्याआधी सांगितले, कारण नंतर सांगणे हे त्या चहाशी बरे दिसले नसते. “ते पुस्तक नाहीये, गुण्या.” “अरे हो, दिलंयस ना कुणाला.” “कुणाला दिलं नाही. मुळातच नाही. मी रचलं ते.” मग आंधळा नमुना म्हणजे काय, तो का पाठवतात, दंतवैद्याने म्हाताऱ्याला कसे मारले, हे सगळे त्याने क्रमाने सांगितले. सांगताना आपला आवाज अहवाल वाचल्यासारखा येतो आहे हे त्याला कळत होते, आणि तो बदलता येत नव्हता. तिने पट्टी उचलली, टेबलाच्या कडेला लावून पाहिली, परत ठेवली. “म्हणजे तू आम्हाला बर्फात बुडवलंस.” “हो.” “आणि आकडे काय आले?” “ते दोघं नापास.” “मी?” “तू पास.” “मी पास,” ती म्हणाली. “तीन ग्रंथालयं, चार बस, आणि त्या बिचाऱ्या बाईच्या वहीत सहीनिशी तक्रार. ती बाई खरं बोलत होती, पारा. मी तिला सांगून आले की माझा मित्र खोटं सांगत नाही.” “मी जाऊन सांगतो तिला.” “तू नको. मी जाईन. सही माझी आहे.” दोघांनी चहा संपवला. खालून कुणीतरी सायकलची घंटा पुन्हा पुन्हा वाजवून पाहत होते, बहुधा दुरुस्त करत होते. “गोष्ट चांगली होती पण,” ती अचानक म्हणाली. “त्या चारशे बारांपेक्षा मला तीच वाचायची होती. त्या माणसाने दार वाजवलं का शेवटी?” “माहीत नाही. चारच ओळी होत्या.” “हं.” तिने रिकामा कप त्याच्या हातातून घेतला. “आणि मी दिलेलं वाचलंस का रे तू? तेव्हा दिलेलं?” “हो,” पारा म्हणाला, “तेव्हाच सांगितलं होतं ना. छान होतं.” “बरं,” ती म्हणाली, आणि कप विसळायला गेली.

जिना उतरताना तो पायऱ्या मोजत होता, कारण पाय खाली जात असताना डोक्याने काहीतरी करायचे असते. एकतिसाव्या पायरीवर तो थांबला. ते पुस्तक त्याने वाचले नव्हते. हे त्याला आता आठवले असे म्हणणे खोटे ठरेल. ते त्याला सतत माहीत होते, पण ज्या जागी ते माहीत होते त्या जागी जाण्याचा रस्ता त्याने कधी वापरला नव्हता. बायको गेल्यानंतर सहाव्या दिवशी गुण्या आली होती. इतर लोक जे बोलत ते ती बोलली नाही. तिने एक पुस्तक टेबलावर, कडेला समांतर ठेवले, “जमेल तेव्हा वाच,” म्हणाली आणि गेली. त्याने ते कपाटात सर्वांत वर ठेवले. दीड महिन्याने चौघे तिच्याकडे जमले होते, याच बावन्न पायऱ्या चढून, आणि इतर दोघे निघाल्यावर तिने दारात विचारले होते, “वाचलंस?” “वाचलं. छान होतं.” “मधे काही खटकलं नाही?” “छे. अगदी एकसंध आहे.” तेव्हाही ती “बरं” म्हणाली होती. आवाजही तोच. आणि आज, दोन मित्रांना नापास केल्याचा अहवाल वाचून पुरती पाच मिनिटे झाली नसताना, त्याच्या तोंडून तेच वाक्य तितक्याच गुळगुळीतपणे निघाले होते, जणू ते चार वर्षे जिभेखाली तयार ठेवलेले होते. वर जावे असे त्याला वाटले. वरून कप विसळल्याचा आवाज येत होता. मग नळ बंद झाला. तो उरलेल्या एकवीस पायऱ्या उतरला.

घरी आल्यावर त्याने स्टूल घेऊन ते पुस्तक काढले. वरच्या कडेवर धुळीचा इतका सारखा थर होता की त्याची जाडी मोजता आली असती. स्वयंपाकघरात उजेड बरा होता म्हणून तो तिथे बसला. आणि बसल्यावर लक्षात आले की आपण उंच पाठीच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून बसलो आहोत. कादंबरी एका वाद्ये जुळवणाऱ्या माणसाची होती. तो गावोगावच्या घरांत जाऊन जुनी वाद्ये सुरात आणी, आणि घरी येऊन त्या सुरांविषयी बायकोला सांगे: कुठली तार किती उतरली होती, कुठली घट्ट झाली होती. बायको काम करत ऐके. पाऱ्याला पहिली तीस पाने आवडली नाहीत. माणूस फार बोलका होता. मग हळूहळू त्याला बायकोचे हात दिसू लागले. लेखकाने त्यांच्याविषयी फारसे लिहिले नव्हते, तरी दिसू लागले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून ऊन वर सरकत गेले, एका गॅलरीतले कपडे काढले गेले, चहाची वेळ होऊन गेली. पंच्याण्णवाव्या पानावर तो माणूस कुठल्याशा घरून लवकर परत येतो, अवजारांची पेटी उघडत नाही, दारातच उभा राहतो. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी तो आयुष्यात पहिल्यांदा बायकोला विचारतो: ‘तुला काय ऐकू येतं?’ ती हातातले काम खाली ठेवते. वळते. ‘आणि ती म्हणाली,’ इथे पान संपत होते.

त्याची नजर समोरच्या पानावर गेली. एका स्टेशनावर गर्दी होती आणि कुणीतरी सामान मोजत होते. तो परत मागे आला, पुन्हा पुढे गेला. वर कोपऱ्यातला आकडा एकशे तेरा होता. त्याने पान नखाने सोलून पाहिले, दोन पाने चिकटली असतील म्हणून. मग पुस्तक खिडकीच्या उजेडात धरून शिवणीकडे पाहिले. पाने फाडलेली नव्हती. ती बांधलीच गेली नव्हती. सोळा पानांचा एक अख्खा फर्मा बांधणाऱ्याच्या हातून सुटला होता, आणि पुस्तक त्या जागी अगदी सफाईने मिटले होते. हे पुस्तक ज्याने वाचले असेल त्याला हे खटकल्याशिवाय राहणे शक्य नव्हते. एकसंध. तो शब्द त्याने स्वतः निवडला होता. चार ओळींत बसणारे शब्द निवडण्याचा त्याला सराव होता.

फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. “गुण्या.” “बोल.” “शहाण्णवनंतर एकदम एकशे तेरा येतं.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “चार वर्षं लागली,” ती म्हणाली, “शहाण्णव पानं वाचायला.” “चार वर्षं आणि तीन तास.” ती हसली नाही, पण श्वास थोडा सैल सुटला. “माझ्याही प्रतीत नव्हती ती पानं. दोन्ही एकाच गठ्ठ्यातल्या. मी वाचताना अडखळले, दुकानदाराशी भांडले, दुसरीकडून एक धड प्रत मिळवली आणि त्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढल्या. दोन. मला वाटलं, आठवड्याभरात ओरडत फोन करशील, की हे कसलं पुस्तक दिलंस. बोलायला काहीतरी होईल तुला.” पाऱ्याच्या मनात वाक्य तयार झाले: तेव्हा घरात असे झाले होते, अक्षर लागत नव्हते, हात चालत नव्हता. ते वाक्य त्याने पूर्वी ऐकले होते, जवळजवळ शब्दशः. त्या सहकाऱ्याचा कप अजून मांडणीत खालच्या फळीवर होता. त्याने वाक्य गिळले. “मी वाचलं नव्हतं,” तो म्हणाला. “माहीत आहे.” “आजही खोटं बोललो.” “तेही माहीत आहे.” “चार वर्षं तुला माहीत होतं की मी नापास आहे.” “पारा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला समजावताना होत असेल तसा झाला, “मी परीक्षा घेतली नव्हती रे. मी पुस्तक दिलं होतं.”

त्याला यावर बोलता आले नाही. आता तोंडात बोळे नव्हते. “आहेत ती पानं?” थोड्या वेळाने त्याने विचारले. “आहेत. अक्षर जरा उडालंय. पुढचं वाचलंस का?” “नाही.” “वाचू नकोस. उद्या ये संध्याकाळी. आज माझे डोळे दमलेत, शोधायला नको वाटतं.” “ती काय म्हणते ते तरी सांग.” “कोण?” “त्याची बायको.” गुण्या म्हणाली, “तसं सांगायचं नसतं. तुझ्यासारख्या चार ओळींत मला नाही जमायचं. उद्या वाच,” आणि फोन ठेवला.

संध्याकाळ उतरत होती तरी त्याने दिवा लावला नाही. पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. यादीत या महिन्यात काय लिहायचे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ग्रुपवर वकिलाने घड्याळाच्या पुस्तकाविषयी आणखी काहीतरी लिहिल्याचे फोन कुरकुरून सांगत होता. त्याने फोन पालथा ठेवला. शहाण्णव आणि एकशे तेरा यांच्यामध्ये बोट घालून तो तसाच खुर्चीत बसून राहिला. समोरच्या गॅलरीत कपड्यांची रिकामी दोरी होती. पलीकडच्या घरात कुणीतरी भांडे खाली ठेवले, पावले वळली. आणि ती म्हणाली, एवढ्यापर्यंत तो पुन्हा आला. पुन्हा आला. ‘आणि ती म्हणाली,’ आणि मग त्याने, पहिल्यांदाच, पुढचे आपण होऊन काही न भरता, ऐकण्याचा प्रयत्न केला.